खाशाबांचा गुडघा

कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे, अंगाने लहानखुरे, पण डावपेचांत चपळ. कराडच्या टिळक हायस्कूलनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले आणि तेथून थेट १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला. लाल मातीत वाढलेला हा मुलगा तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकून त्या विश्वासाची परतफेड केली. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतताना त्यांच्या मिरवणुकीत दीडशेवर बैलगाड्या होत्या. त्यानंतर कोल्हापुरात कुस्त्या भरवून त्यांनी प्राचार्यांचे कर्ज फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. डोळ्यांसमोर १९५६ चे मेलबर्न होते. पण त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरे ऑलिंपिक हुकले. वय होते अवघे तीस.

एक डॉक्टर म्हणून मी या ठिकाणी नेहमी अडखळतो. त्या काळी दुखावलेल्या गुडघ्याच्या आत काय झाले आहे हे पाहण्यासाठी बहुतेक डॉक्टरांकडे दोनच साधने होती : आपले हात आणि एक्स-रे. एक्स-रेत हाड दिसते. हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट त्यात दिसत नाही, आणि हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चाही दिसत नाही.

ही कूर्चा जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. तिचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग पाणीच असतो आणि ते पाणी प्रथिनांच्या जाळ्यात धरलेले असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती फारशी भरून येत नाही. तिला मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती दुखत नाही. पैलवानाचा पाय मॅटवर रुतला आणि अंग वळले की लिगामेंट तुटते. त्याच क्षणी मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवर आदळते. मधल्या कूर्चेला मुका मार बसतो. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण कूर्चेची झीज आत चालूच राहते. अशा दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांच्या गुडघ्यात संधिवाताच्या खुणा दिसतात, असे पाहणीत आढळले आहे. म्हणजे विशीत पडलेल्याला चाळिशीच्या आतच म्हातारा गुडघा.

खाशाबांच्या दुखापतीनंतर बऱ्याच वर्षांनी, १९७३ मध्ये, पॉल लाउटरबर यांनी चुंबकीय पद्धतीने मिळवलेले पहिले चित्र प्रसिद्ध झाले. या कामासाठी त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत टिपतो, म्हणून पाण्याने भरलेली कूर्चा त्याला दिसते. साध्या एमआरआयमध्ये तुटलेले लिगामेंट, फाटलेली गादी, हाडातला मुका मार आणि कूर्चेला पडलेली भेग कळते. टी-टू मॅपिंगसारखी नवी तंत्रे त्याही पुढे जातात. कूर्चा पातळ होण्याआधी तिच्या जाळ्यात झालेला बदल ती आकड्यांत आणि रंगांत दाखवतात. ही तंत्रे अजून मुख्यतः मोठ्या केंद्रांत आणि संशोधनात वापरली जातात. आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजही नाही. मात्र कोणता गुडघा जपायचा, हे वेळेत कळते.

खाशाबा पोलीस खात्यात सत्तावीस वर्षे राहिले, तिथल्या जवानांना त्यांनी कुस्ती शिकवली आणि सहायक आयुक्तपदापर्यंत पोहोचून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

२०२५ साली महाराष्ट्र केसरीची गदा आमच्याच नगर जिल्ह्यात दिली गेली. इथे गावोगावी तालमी आहेत आणि जत्रेला कुस्त्यांचा हगामा असतो. सरकारी रुग्णालयात येणारी तालमीतली पोरे बहुधा उशिरा येतात. आधी गुडघा चोळून घेतलेला असतो, दुखणे थांबले म्हणून दोन कुस्त्याही झालेल्या असतात. दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला, हा समज सर्वांत महागात पडतो.

पडताना गुडघ्यात कट् असा आवाज आला, काही तासांतच सूज भरली, किंवा नंतर चालताना गुडघा दगा देऊ लागला, तर चोळू नका. बर्फ लावा, पट्टी बांधा, विश्रांती द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक गुडघ्याला एमआरआय लागतो असे नाही, आधी डॉक्टरांनी हाताने तपासणे महत्त्वाचे. लिगामेंट तुटले असेल तर शस्त्रक्रिया होवो न होवो, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजनावर ताबा चुकवू नका. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने तरी मॅटवर उतरू नये.

वस्तादांनी हे एकदा सांगितले, तर पोरे डॉक्टरांपेक्षा त्यांचे लवकर ऐकतील. यंदाचा हगामा चुकला तरी पुढच्या वर्षी जत्रा भरणारच आहे. तोवर गुडघा शाबूत हवा.