फादर पियाझी आणि हरवलेला ग्रह



मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या मध्ये लाखो लहानमोठे गोळे सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांतला पहिला शोधून काढणारे गृहस्थ एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

ज्युसेप्पे पियाझी यांचा जन्म १६ जुलै १७४६ रोजी उत्तर इटलीतील पोंते या गावी झाला. तरुणपणीच ते थिएटाइन या व्रतस्थ संघात दाखल झाले. निरनिराळ्या शहरांत शिकवता शिकवता ते सिसिली बेटावरील पालेर्मो येथे गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. तेथे वेधशाळा उभारायचे ठरले, तेव्हा चाळिशी ओलांडलेले फादर पॅरिस व लंडनला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले. लंडनचा रॅम्सडेन हा उपकरणे घडवणारा कारागीर अत्यंत कुशल, पण वेळ न पाळण्यात तितकाच प्रसिद्ध! फादरांनी पाठपुरावा करून त्याच्याकडून पाच फूट व्यासाचे वेधवर्तुळ १७८९ साली पुरे करून घेतले आणि ते पालेर्मोच्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर बसवले.

त्यांचा उद्देश ग्रह शोधण्याचा नव्हताच. ताऱ्यांची अचूक यादी करणे हे त्यांचे काम. प्रत्येक ताऱ्याची जागा एकदा मोजून ते थांबत नसत, अनेक रात्री पुन्हा पुन्हा मोजत. कंटाळवाणे काम! पण याच सवयीमुळे १ जानेवारी १८०१ च्या रात्री वृषभ राशीत टिपलेला एक अंधूक ठिपका दुसऱ्या रात्री जागेवरून किंचित सरकलेला त्यांना दिसला. तिसऱ्या, चौथ्या रात्रीही तो सरकतच होता. तारे असे सरकत नाहीत.

फादरांनी तो धूमकेतू असावा असे जाहीर केले. मिलानमधील मित्र ओरियानी यांना मात्र, हे धूमकेतूहून काही वेगळे असू शकेल, असे त्यांनी खाजगीत कळवले. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी वेध घेतले. मग ते आजारी पडले आणि तो ठिपकाही सूर्याच्या प्रकाशाआड गेला. सगळी मोजमापे इतरांकडे पाठवायला त्यांनी वेळ लावला, यावरून युरोपातील खगोलशास्त्रज्ञ नाराज झाले. ती नाराजी मला रास्त वाटते. जेमतेम सहा आठवड्यांच्या नोंदी हाती, आणि वस्तू हरवलेली!

ती शोधून दिली चोवीस वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञाने, आणि तीही दुर्बिणीला डोळा न लावता. फादरांच्या मोजमापांवरून त्याने नव्या पद्धतीने कक्षा काढली. १८०१ च्या शेवटच्या रात्री फॉन झाख यांना ती वस्तू त्याने सांगितलेल्या भागातच सापडली. फादरांच्या मोजमापांत ढिलाई असती, तर गाउसची बुद्धीही तेथे काय करणार?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी हेगेल या तत्त्वज्ञाने आपल्या प्रबंधात मंगळ व गुरू यांच्यामधील जागा रिकामी असणे युक्तीला धरून वाटावे, अशी संख्यांची मांडणी केली होती. तेव्हा ग्रह सापडून काही महिने झाले होते!

फादरांनी नाव ठेवले ‘सेरेस फर्डिनांडेआ’. सेरेस ही प्राचीन रोमन लोकांची धान्यदेवता. सिसिली तिचे बेट मानले जाई. फर्डिनांड हा तेथील राजा. राजाचे नाव इतर देशांना रुचले नाही, ते गळाले, देवता राहिली. एका धर्मगुरूने ठेवलेले हे नाव!

सेरेस सूर्यापासून सरासरी ४१ कोटी किलोमीटरवर आहे. एका फेरीला तिला ४.६ वर्षे लागतात. व्यास सुमारे ९४० किलोमीटर. आधी ग्रह, मग लघुग्रह आणि २००६ पासून बटुग्रह अशी तिची गणना होत आली. २०१५ साली डॉन हे यान तिच्याभोवती फिरू लागले.

राजाला फादरांच्या सन्मानार्थ सुवर्णपदक काढायचे होते. त्या पैशातून वेधशाळेला एक दुर्बीण घ्यावी, अशी विनंती त्यांनी केली. ताऱ्यांची यादी पुढेही चालूच राहिली. १८१४ च्या आवृत्तीत ७,६४६ तारे होते. २२ जुलै १८२६ रोजी नेपल्स येथे त्यांचे निधन झाले. लघुग्रहांच्या यादीत १००० वा क्रमांक आला, तेव्हा त्या लघुग्रहाला ‘पियाझिया’ हे नाव देण्यात आले.