विश्वकिरणांचे शोधक व्हिक्टर हेस

ऑस्ट्रियातील श्टायरिया प्रांतात २४ जून १८८३ रोजी व्हिक्टर फ्रान्झ हेस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील वनाधिकारी होते. ग्राझ विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून हेस १९१० साली व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत रुजू झाले.

बंद पात्रातील हवादेखील विद्युतभारित का होते, हे त्या काळचे कोडे होते. जमिनीतील किरणोत्सर्ग हे त्याचे कारण मानले जाई. येशूसंघीय धर्मगुरू थिओडोर वुल्फ यांनी १९१० साली स्वतः बनविलेले उपकरण आयफेल मनोऱ्यावर नेले. पण किरण अपेक्षेइतके घटले नाहीत. हेस यांनी तोच शोध बलूनमधून पुढे नेला. एप्रिल १९१२ मधील सूर्यग्रहणातही किरण कमी झाले नाहीत. अर्थात सूर्य हा त्यांचा मुख्य उगम नव्हता. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ते ५,००० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचले. तेथे किरणांचे प्रमाण जमिनीवरील प्रमाणाच्या सुमारे दुप्पट भरले. हे किरण अंतराळातून येतात, हे त्यांनी ओळखले. या शोधासाठी त्यांना १९३६ साली कार्ल अँडरसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. हेस यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. प्राध्यापकपद गमावलेले हे दांपत्य मायदेश सोडून अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम या येशूसंघीय विद्यापीठाने त्यांना आश्रय व अध्यापनाचे कार्य दिले. हेस श्रद्धावान कॅथलिक होते. विज्ञान व श्रद्धा यांत त्यांना विरोध दिसला नाही आणि १९४६ साली एका लेखात त्यांनी तसे जाहीरपणे मांडले. १७ डिसेंबर १९६४ रोजी ते निवर्तले.

मात्र हे किरण नेमके कोठून निघतात, हा प्रश्न मागे उरला. विश्वकिरण हे मुख्यत्वे विद्युतभारित कण असतात. वाटेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांना वळवितात, त्यामुळे त्यांची मूळ दिशा हरवते. परंतु उगमाजवळ हे कण वायूवर आदळले की गॅमा किरण निर्माण होतात. त्यांवर विद्युतभार नसल्याने ते सरळ रेषेत येतात व उगमाकडे बोट दाखवितात. त्यांच्या शोधासाठी नामिबियात उभारलेल्या दुर्बिणींच्या संचाला हेस यांचेच नाव देण्यात आले. गॅमा किरण वातावरणात शिरताच निळसर प्रकाशाची क्षणिक चमक उमटते. या दुर्बिणी ती टिपतात. २००४ साली त्यांनी एका स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचे गॅमा किरणांतील चित्र मिळविले. २०१३ साली फर्मी या अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून अशाच दोन अवशेषांत प्रोटॉन वेगवान होत असल्याचा पुरावा मिळाला. सर्वाधिक ऊर्जेच्या विश्वकिरणांचा उगम मात्र अद्याप निश्चित झालेला नाही. हेस यांनी हाती घेतलेला शोध त्यांच्या नावाने आजही चालू आहे.