वॅट, वाफ आणि मक्तेदारी

१९ जानेवारी हा जेम्स वॅटचा जन्मदिन. या निमित्ताने किटलीची गोष्ट पुन्हा सांगितली जाते आणि वाफेचे यंत्र वॅटनेच शोधले, हा समज अधिक दृढ होतो. वस्तुतः १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे वॅट जन्मला, त्याच्या चोवीस वर्षे आधीच न्यूकमेनचे यंत्र इंग्लंडच्या खाणींतील पाणी उपसू लागले होते.

वॅट हा उपकरणे घडविणारा कारागीर. सात वर्षांची उमेदवारी केलेली नाही, या सबबीवर ग्लासगोच्या कारागीर संघाने त्याला दुकान थाटू दिले नाही. विद्यापीठाने मात्र आपल्या आवारात जागा दिली. तेथेच न्यूकमेन यंत्राची एक नादुरुस्त प्रतिकृती त्याच्या हाती आली. वाफेचे पाणी करण्यासाठी प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर थंड करावयाचा आणि लगेच पुन्हा तापवावयाचा, यात बहुतेक वाफ व्यर्थ जाते, हे त्याने मोजून पाहिले. वाफ निराळ्या पात्रात थंड करावी, सिलिंडर सदैव तप्त ठेवावा, हा उपाय त्याला १७६५ मध्ये सुचला. वॅटचे श्रेय हे, आणि ते लहान नव्हे.

परंतु कल्पनेला भांडवल हवे. १७६९ मध्ये पेटंट मिळाले. १७७३ मध्ये भागीदार रोबकचे दिवाळे निघाले. तोवर कालव्यांची मोजणी करून वॅट पोट भरीत होता. रोबकचा हिस्सा बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने घेतला आणि १७७५ मध्ये पार्लमेंटकडून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून मिळाली. या जोडीची आकारणी मोठी चतुर होती: जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा तिला द्यावयाचा. कॉर्नवॉलमध्ये कोळसा समुद्रमार्गे येई. तेथील खाणमालकांनी हा सौदा आनंदाने पत्करला, पण पुढे तोच हिस्सा त्यांना खंडणीसारखा वाटू लागला. कोर्टकज्जे झाले, १७९९ मध्ये निकाल वॅटच्या बाजूने लागला.

या संरक्षणावाचून बोल्टनने पैसा घातला असता काय? बहुधा नाही. तथापि दोन सिलिंडरांचे यंत्र करू पाहणाऱ्या हॉर्नब्लोअरची वाट याच पेटंटने अडवली, हेही तितकेच खरे. संघाच्या मक्तेदारीने ज्याला दुकान नाकारले, त्यानेच पुढे इतरांना अडवावे! उच्च दाबाच्या वाफेला तर धोकादायक म्हणून त्याचा विरोधच होता. १८०० मध्ये मुदत संपली. १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकचे उच्च दाबाचे इंजिन वेल्समध्ये रुळांवरून धावले. वॅट १८१९ पर्यंत जगला, पण त्या वाटेला तो गेला नाही.