उन्हाने वाढणारी साखळी आणि कर्नल लॅम्बटन

२० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे जात असताना, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे निधन झाले. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते प्रवर्तक. वय सत्तरीच्या घरात होते. तरी मुक्काम तंबूतच.

यॉर्कशायरमध्ये जन्मलेला हा सैनिक श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईनंतर मोजणीकडे वळला. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ त्यांनी सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजली. पुढच्या साऱ्या त्रिकोणांची लांबी याच एका रेषेवरून काढायची होती. म्हणजे इथली चूक शेकडो मैल सोबत चालणार. साधन होते १०० फुटांची पोलादी साखळी, आणि मोसम उन्हाळ्याचा. पोलाद तापले की वाढते. तापमानात एका सेल्सिअस अंशाची गफलत झाली, तर साखळीमागे फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पण सुमारे चारशे साखळ्यांत तो १४ सेंटिमीटरांवर जातो. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवली, पेट्यांत तापमापके, वर तंबूची सावली. वापराने साखळी ताणली जाते, हेही त्यांनी गृहीत धरले होते. तुलनेसाठी दुसरी साखळी राखून ठेवली होती. मोजणीबरोबर तापमानाच्या नोंदीही त्यांनी छापल्या. चूक शोधू पाहणाऱ्याला ती सापडावी, अशीच ही व्यवस्था होती.

१८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना अर्ध्या टनाचा थिओडोलाइट भिंतीवर आदळला आणि त्याचे अंशचक्र वाकले. दोष कोणा खलाशावर ढकलणे सोपे होते. लॅम्बटन यांनी तंबूत स्वतःला कोंडून घेतले, कित्येक आठवडे खपून चक्र मूळ आकारावर आणले आणि नव्या यंत्राची मागणी स्वखर्चाने विलायतेस पाठवली. लष्करी पगारावर हे धाडसच म्हणायचे.

निजामाच्या मुलखात बीदरजवळची आधाररेषा त्यांनी १८१५ मध्ये मोजली. पुढे हैदराबाद हेच त्यांचे ठाणे झाले. तरुण जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ च्या अखेरीस तेथेच त्यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. गुरूचे काम अंतिम मानायला मात्र एव्हरेस्ट तयार नव्हते. त्यांनी साखळी बाजूला ठेवली आणि पितळ व लोखंड या दोन धातूंच्या, उष्णतेचा परिणाम आपोआप भरून काढणाऱ्या पट्ट्या आणवल्या. बीदरची रेषा १८४१ मध्ये त्याच पट्ट्यांनी पुन्हा मोजण्यात आली.