सात बियांचा फकीर

चिखलदऱ्याला गेलेल्या अमरावती-अकोल्याच्या माणसाने उंच झाडांखाली वाढलेली कॉफीची झुडपे पाहिलेली असतात. महाराष्ट्रात कॉफी म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव निघते. ही लागवड इंग्रजांच्या काळातली. पण कॉफीचे रोप हिंदुस्थानात आणण्याचा मान परंपरेने एका फकिराला दिला आहे. ते म्हणजे हजरत बाबा बुडन.

बाबा सतराव्या शतकातले सूफी. कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरी डोंगरावर त्यांचा मुक्काम असे. ते हजला गेले आणि परतताना येमेनच्या मोखा बंदरात आले. येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. तिचा व्यापार अरबांच्या हाती होता. दुसरीकडे रोप उगवू नये म्हणून बी भाजून किंवा उकळूनच विकले जाई. बाबांनी सात कच्च्या बिया अंगावर लपवून आणल्या, असे सांगतात. व्यापाऱ्यांच्या लेखी ती चोरीच होती. पण त्या बिया कुणाच्या तिजोरीत गेल्या नाहीत. चंद्रगिरीच्या मातीत गेल्या. पुढे १६९६ मध्ये डचांनी मलबारहून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली.

कॉफी हे मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांखालचे झुडूप. म्हणून आपल्याकडे ती पांगारा, फणस, उंबर, सिल्व्हर ओक यांच्या सावलीत लावतात. सावलीमुळे कडक ऊन थेट लागत नाही, गळलेल्या पानांचे खत होते, जमिनीत ओल टिकते आणि फळ सावकाश, भरून पिकते. वरची झाडे तोडली की खालची कॉफी उघडी पडते.

बाबांच्या नावावरून त्या डोंगराला आज बाबाबुडनगिरी म्हणतात. तिथल्या गुहेत मुसलमान बाबांना सलाम करतात, हिंदू दत्तात्रेयांपुढे हात जोडतात. अलीकडे या जागेवरून वाद झाले, कोर्टकचेऱ्याही झाल्या. तरीही दोन्हीकडचे भाविक डोंगर चढतातच.

बाबांनी बिया आणल्या. त्यांना सावली मात्र इथल्या झाडांनी दिली. रमजानच्या रात्री तरावीहनंतर कुणाच्या घरी कॉफीचा कप हातात आला, तर दोघांचीही आठवण ठेवावी. सावली राखणे मात्र आता आपल्याकडे आहे.