ऑगस्टस डेस्टे

सर ऑगस्टस फ्रेडरिक डेस्टे (१३ जानेवारी १७९४ – २८ डिसेंबर १८४८) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू होते. १८२२ ते १८४६ या काळातील स्वतःच्या आजारपणाची नोंद त्यांनी दैनंदिनीत करून ठेवली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्णाने स्वतः केलेले हे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन मानले जाते. त्यांच्या हयातीत या विकाराला नाव नव्हते.

जन्म आणि वारसा

ऑगस्टस यांचे वडील प्रिन्स ऑगस्टस फ्रेडरिक (पुढे ड्यूक ऑफ ससेक्स) हे तिसऱ्या जॉर्ज यांचे सहावे पुत्र. त्यांनी १७९३ मध्ये रोम येथे लेडी ऑगस्टा मरे यांच्याशी राजाच्या संमतीवाचून गुप्तपणे विवाह केला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये तो विधी पुन्हा पार पाडला. १७७२ च्या राजविवाह कायद्यानुसार हा विवाह १७९४ मध्ये रद्दबातल ठरला. त्यामुळे राजाचा नातू असूनही ऑगस्टस यांना राजघराण्यात स्थान मिळाले नाही. १८४३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर त्यांनी ड्यूक पदावर हक्क सांगितला, तोही उमराव सभेने १८४४ मध्ये फेटाळला. हा दावा चालू असताना त्यांचे पाय जवळजवळ निकामी झालेले होते.

तरुणपणी ते सैन्यात दाखल झाले आणि १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत सहभागी झाले. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयी त्यांना पुढे आस्था वाटू लागली व त्यासाठी त्यांनी इंग्लंडमध्ये प्रयत्न केले. ते आजन्म अविवाहित राहिले.

आजाराची पहिली लक्षणे

डिसेंबर १८२२ मध्ये ऑगस्टस एका आप्ताच्या भेटीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेले. ते पोहोचण्यापूर्वीच त्या आप्ताचे निधन झाले होते. अंत्यविधीनंतर लगेच त्यांची दृष्टी इतकी मंदावली की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत आणि उत्तरेही दुसऱ्याच्याच हातून लिहवून घ्यावी लागत. त्यानंतर ते आयर्लंडला गेले. तेथे डोळ्यांवर कोणताही उपचार न करता दृष्टी पूर्ववत झाली. त्या वेळी ते २८ वर्षांचे होते. दुःखामुळे डोळे थकले असावेत, असे कोणालाही वाटावे असाच हा प्रसंग होता. नाशिक पेशव्यांकडून कंपनी सरकारकडे जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. पण या विकारापुढे नाशिकचा वैद्य आणि लंडनचा नामांकित डॉक्टर हे दोघेही सारखेच अनभिज्ञ होते.

पुढच्या काही वर्षांत दृष्टीचा त्रास पुन्हा उद्भवला आणि पुन्हा ओसरला. ऑक्टोबर १८२७ मध्ये इटलीत प्रवास करताना डाव्या कानशिलाजवळ बधिरता जाणवू लागली. नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्स येथे प्रत्येक वस्तू दुहेरी दिसू लागली. डॉक्टरांनी दोष पित्ताला दिला. कानशिलावर जळवा लावल्या, रेचके दिली, हातातून रक्त काढले. दुहेरी दिसणे थांबले. मात्र पाठोपाठ पायांतील बळ दिवसेंदिवस ओसरू लागले. जिना चढणे-उतरणे आदल्या दिवसापेक्षा आज अधिक कठीण जाते, हे त्यांनी बारकाईने टिपले आहे. कण्याच्या खालच्या टोकाशी संवेदना नाहीशी झाली आणि डिसेंबरच्या प्रारंभी एकाच दिवशी ते दोनदा जमिनीवर कोसळले. सुमारे तीन आठवडे ही अवस्था टिकली, मग हळूहळू चालता येऊ लागले.

यानंतर विकाराने त्यांना पूर्णपणे कधीच सोडले नाही. मूत्रविसर्जनातील अडथळे, पायांचे आखडणे, तोल जाणे आणि चक्कर येणे अशी भर पडत गेली. जर्मनीतील ड्रिबुर्ग येथील खनिज पाण्याची स्नाने, अंगाला मर्दन, विजेचे झटके आणि मांस व मद्याचा भरपूर आहार असे नानाविध उपचार त्यांनी केले. अखेर काठीच्या जागी चाकांची खुर्ची आली.

नोंदींचे महत्त्व

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील तंतूंच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. हल्ला कोणत्या जागी झाला त्यावर लक्षण ठरते. म्हणून एकाच विकारात कधी डोळा, कधी पाय, तर कधी मूत्राशय बिघडते. आरंभीच्या काळात सूज उतरली की लक्षण आपोआप मावळते, आणि नेमके यामुळेच रुग्ण व वैद्य दोघेही निर्धास्त होतात. वेगवेगळ्या वेळी आणि मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या जागी झालेले आघात दाखवणे हा आजच्या निदानाचाही पाया आहे. डेस्टे यांच्या डॉक्टरांपुढे प्रत्येक वेळी एकच तक्रार असे. सगळ्या तक्रारी तारीखवार एकत्र होत्या त्या केवळ रुग्णाच्या वहीत.

महाराष्ट्रात हातापायांना येणाऱ्या मुंग्या, बधिरता किंवा थकवा यांची बोळवण आजही वात, अशक्तपणा किंवा शीर दबली अशा शब्दांत होते. बहुतेक वेळा कारण खरोखरच साधे असते. परंतु एका डोळ्याने काही दिवसांत अंधुक दिसू लागणे व डोळा हलवताना दुखणे, दुहेरी दिसणे, किंवा एखाद्या अवयवाची बधिरता वा दुर्बलता २४ तासांहून अधिक टिकणे, या गोष्टी बऱ्या झाल्या तरी मेंदूविकारतज्ज्ञांना सांगणे आवश्यक असते. आधीच्या विसरल्या गेलेल्या त्रासाची तारीखही तेथे उपयोगी पडते. एमआरआय तपासणीत मेंदू व मज्जारज्जूतील डाग दिसतात. हा विकार पूर्ण बरा करणारे औषध नाही. तथापि नवे हल्ले कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि ती लवकर सुरू केल्यास अधिक लाभ होतो.

मृत्यू आणि नंतर

दैनंदिनीतील नोंदी १८४६ मध्ये थांबतात. शेवटच्या काळातील लेखनातही प्रकृती सुधारेल ही आशा दिसते. डेस्टे यांचे निधन वयाच्या ५४ व्या वर्षी झाले. त्यानंतर २० वर्षांनी, १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तँ शार्को यांनी या विकाराची लक्षणे आणि मज्जासंस्थेतील कठीण झालेले चट्टे यांचा संबंध जोडून त्याला स्वतंत्र ओळख दिली. डेस्टे यांची वही विसाव्या शतकात डग्लस फर्थ यांच्या हाती आली. त्यांनी १९४१ मध्ये तिच्यावर निबंध आणि १९४८ मध्ये, डेस्टे यांच्या मृत्यूनंतर बरोबर १०० वर्षांनी, पुस्तक प्रसिद्ध केले.