प्रश्न विचारणारा खासदार

आमच्या उमापूरला कचेरीत दिलेल्या अर्जाचे उत्तर येईलच अशी खात्री कोणी देत नाही. वडिलांनी विहिरीच्या अर्जाची पोच तेवढी ट्रंकेत जपून ठेवली आहे. म्हणूनच मधु लिमये यांच्याविषयी वाचताना मी एका गोष्टीपाशी थबकलो. खासदाराचा प्रश्न एकदा दाखल झाला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

लिमये 1922 साली पुण्यात जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले. 1955 च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा दिली. 1957 मध्ये सुटका झाली. 1964 साली हा मराठी माणूस बिहारमधील मुंगेरहून लोकसभेवर गेला. (आपल्याकडे शेजारच्या तालुक्याचा उमेदवारही परका ठरतो!)

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. पण ते छापले जाते, आणि मंत्री पुढे शब्द फिरवू लागला की तेच कागद पुढे करता येतात. नियमांचे पुस्तक व घटना लिमये यांना अशी अवगत होती की सत्ताधारी बाके त्यांना वचकून असत.

आणीबाणीत ते तुरुंगात होते. 1976 साली लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा जनतेने दिलेली पाच वर्षे संपली असे मानून त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. जिथे प्रश्न विचारायचा तीच जागा सोडायची! मला हे सोपे वाटत नाही. 8 जानेवारी 1995 रोजी ते वारले.

हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांनी ट्रंक उघडून पोच पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्यावरची तारीख मला लिहून घ्यायला लावली.